युगांडाहून गणपतीला : एका तापाचं प्रकरण

गौरी जेवल्या त्या दिवशी संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे तो आतल्या खोलीत दोन रजया अंगावर घेऊन पडलाय हे तासभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे दोन वाजता त्याला आमच्या मिरजेच्या हॉस्पिटलात आणलं, तेव्हा तो स्ट्रेचरवरून भावाला विचारत होता, "मिल का थांबली रे?"

मी तिथला डॉक्टर, या रुग्णाच्या परवानगीने हे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवलाय.

वय ३६. सांगली जिल्ह्यातला, मेकॅनिकल इंजिनियर. आधी इथल्याच साखर कारखान्यात होता, मग १४ महिन्यांपूर्वी युगांडाला गेला. आमच्या भागाला यात नवल नाही. सांगली-कोल्हापूरकडचे फिटर, पॅनमन, केमिस्ट, इंजिनियर पूर्व आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत नेहमीच भेटतात. एक जण गेला की तो गावातल्या दुसऱ्याला बोलावून घेतो. मेसमध्ये भाकरी मिळते, कॅम्पात गणपती बसतो, आजूबाजूला नजर जाईल तिथवर ऊस. त्याचा कारखाना जिंजा शहराच्या बाजूला होता, जिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते. समुद्रसपाटीपासून उंची अकराशे मीटरच्या वर, म्हणजे पाचगणीपेक्षा थोडी कमी. हवा अशी की पंखासुद्धा लागत नाही. "डॉक्टर, आपल्यापेक्षा चांगली हवा आहे तिथली," हे त्याने शुद्धीवर आल्यावर मला दोनदा सांगितलं.

या प्रकरणातली पहिली गफलत इथेच आहे. एक्स्पॅट, म्हणजे नोकरीसाठी परदेशात राहणारा, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॅट घातलेला गोरा साहेब येतो, ज्याला ऊन सोसत नाही आणि पाणी बाधतं. उष्ण कटिबंधात जाणारा मराठी माणूस स्वतःला त्यात धरत नाही. आपण डासांतच वाढलो, मलेरिया आपल्याकडेही असतो, मग आपल्याला काय होणार? तिथले लोक मात्र त्याला बरोबर ओळखतात, 'मुयिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदी माणूस, बाहेरचा. त्याच्या रक्तालाही तेच लागू होतं.

आपल्याकडच्या मलेरियात व्हायव्हॅक्स या जातीच्या परजीवीचं प्रमाण मोठं आहे. तो माणसाला हैराण करतो, पण जीव क्वचित घेतो. युगांडात जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम, म्हणजे जीव घेणारी जात. रुग्णसंख्येत जगात नायजेरिया आणि काँगोनंतर त्याच देशाचा नंबर लागतो. तिथली मोठी माणसं दोन दिवस अंग दुखतंय म्हणत कामावर येतात, कारण लहानपणापासून वर्षातून कैकदा हा ताप काढून त्यांच्या शरीराने अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती कमावलेली असते. ती कमावताना पाच वर्षांच्या आतली किती मुलं दगावतात, हे कॅम्पातल्या मेसमध्ये कुणी सांगत नाही. शिवाय ती शक्ती टिकाऊ नसते. तिथलाच माणूस काही वर्षं लंडनला राहून परतला तर तोही पुन्हा कच्चाच. सांगलीतल्या माणसाकडे तर ती नव्हतीच.

जाण्याआधी त्याला प्रतिबंधक गोळ्या दिल्या गेल्या होत्या, हे मुद्दाम नोंदवतो. मेफ्लोक्विन, आठवड्याला एक. भारताच्या मलेरिया कार्यक्रमाच्या सूचनांप्रमाणे सहा आठवड्यांहून जास्त मुक्काम असेल तर हेच औषध देतात, कमी असेल तर रोज एक डॉक्सिसायक्लिन. त्याने सात आठवडे घेतली. मग घाणेरडी स्वप्नं पडायला लागली. मळीच्या टाकीत पडतोय आणि वर येता येत नाही, हे एकच स्वप्न. मेफ्लोक्विनचा हा त्रास ठाऊक असलेला आहे, आणि तो झाला की औषध बदलायचं असतं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मेसमधल्या जुन्या माणसाने सांगितलं ते असं : "सोडून दे. लिव्हर जातं त्याने. इथले लोक घेतात का?" त्याने सोडून दिली. दुसरं काही सुरू केलं नाही.

मच्छरदाणी होती. पण तो शिफ्ट इंजिनियर, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. आफ्रिकेतला ॲनाफिलीस गॅम्बी हा डास चावतो मुख्यतः रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत, आणि त्या वेळी हा माणूस केन यार्डात उभा. मच्छरदाणी रिकाम्या पलंगावर. त्यात या डासाला मोठं तळं लागत नाही, उन्हातलं साचलेलं थोडंसं पाणी पुरतं. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी ओल्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या त्याला पुरेशा. म्हणजे कारखाना स्वतःच्या वाहतुकीने डासांची पैदास करत होता आणि मच्छरदाण्या वाटत होता. रात्रपाळीच्या माणसाला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि उघड्या अंगाला लावायचं डीट या डास पळवणाऱ्या औषधाचं मलम द्यायला हवं, हे कुणाला सुचलं नव्हतं. सुरक्षा बूट मात्र तपासून दिले जात.

पहिला ताप श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आला. तिकडे 'ओमुसुज्जा' म्हणजे ताप, आणि मलेरियालाही लोक सरसकट तेच म्हणतात. एकाच शब्दात दोन्ही बसलं की तो शब्द ऐकून कुणी दचकत नाही. कारखान्याच्या दवाखान्यात रॅपिड टेस्ट झाली, पॉझिटिव्ह आली, आणि आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या २४ गोळ्या मिळाल्या : चारचार गोळ्यांचे सहा डोस, तीन दिवसांत. निदान बरोबर, औषधही बरोबर. पण ल्युमेफॅन्ट्रिन रक्तात नीट उतरायला पोटात स्निग्ध काहीतरी असावं लागतं, दूध, अंडं, निदान तूप लावलेली भाकरी. उपाशीपोटी घेतलं तर ते कितीतरी पटींनी कमी शोषलं जातं. पहिल्या दिवशी त्याचा सोमवार. दोन्ही डोस कोऱ्या चहाबरोबर, वर एक केळं. दुसऱ्या दिवशी तोंडाला चव नाही म्हणून पेजेवर. चार डोस झाले, ताप उतरला, तो कामावर गेला. आठ गोळ्या पाकिटात राहिल्या.

त्या आठ गोळ्या आम्हाला नंतर भेटल्या. ते सांगतोच.

ताप आल्यावर नवव्या दिवशी तो एंटेबेहून निघाला आणि मुंबईत उतरला. विमानतळावर आरोग्य विभागाच्या टेबलावर त्याचं पिवळं कार्ड पाहिलं गेलं. यलो फीव्हरची लस घेतल्याचं कार्ड नसेल तर अशा देशातून येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवण्याचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण तो रोग आपल्याकडे नाही पण पसरवणारा डास भरपूर आहे. कार्ड जपून ठेवलेलं होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, पासपोर्टला रबर लावून. सरकार विचारतं ते सगळे जपतात. मलेरियाच्या गोळ्यांचं कार्ड कोणी मागत नाही.

सतराव्या दिवशी गौरीजेवण, आणि हुडहुडी.

इथे दुसरी गफलत झाली. मी ती कोणाच्या नावावर मांडणार नाही, कारण त्या महिन्यात मीही बाह्यरुग्ण विभागात ताप म्हटलं की हात आधी डेंग्यूच्या तपासण्यांकडे नेत होतो. फॅमिली डॉक्टरांनी त्याला लहानपणापासून पाहिलेलं. त्यांच्यासमोर बसलेला माणूस प्रवासी नव्हता, अमक्यांचा धाकटा होता. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं : प्लेटलेट ६४,०००. डेंग्यूचं विषाणू-प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी निगेटिव्ह, प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम काठावर पॉझिटिव्ह. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं, सलाईन सुरू झालं. घरच्यांनी पपईच्या पानांचा रस आणला, तोही सुरू झाला.

मलेरियाची चाचणी राहून गेली होती असं मात्र नाही. कार्ड टेस्ट केली होती, पॉझिटिव्हही आली होती. भावाने सांगितलं, "मागच्या महिन्यात झाला होता, औषध घेतलंय त्याने." मग ती जुनी रेघ समजून बाजूला ठेवली गेली. याला आधार नाही असं म्हणता येणार नाही. फॅल्सिपेरमच्या या चाचणीत जे प्रथिन पकडलं जातं ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. म्हणजे रेघ जुनीही असू शकते आणि नवीही. फरक सांगणारी गोष्ट स्वस्त आणि जुनाट आहे : काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे. ते पुढचे दोन दिवस झालं नाही. प्लेटलेट रोज मोजल्या गेल्या. हिमोग्लोबिन १३.८ वरून ११ वर आलं होतं तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. डेंग्यू गंभीर होतो तेव्हा प्लाझ्मा झिरपून रक्त घट्ट होतं, मलेरियात तांबड्या पेशी फुटून ते पातळ होत जातं. रिपोर्ट एकाच कागदावर होता, खूण केलेली फक्त प्लेटलेटवर.

चौथ्या रात्री लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसायला लागले आणि तो मिलबद्दल बोलायला लागला. प्लेटलेट २२,०००. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता आमच्याकडे पाठवलं.

आमच्याकडेही चिठ्ठी आली ती 'डेंग्यू' म्हणूनच. मी भावाला नेहमीचे प्रश्न विचारत होतो. तो म्हणाला, "परत जायचं तिकीट १८ तारखेचं आहे, तोवर बरा होईल ना?" कुठलं तिकीट? मग युगांडा आलं. तिकीट बदलायचं नसतं तर ते कदाचित आलंच नसतं, हे मला अजून टोचतं. मी 'कुठून आला' असं विचारलंच नव्हतं. पत्ता सांगलीचा होता.

पहाटे तीनला लॅबचा टेक्निशियन खाली आला. फोन न करता स्वतः आला यावरूनच कळलं. "सर, रिंगा आहेत. एकेका पेशीत दोनदोन आहेत. शेकडा आठ मोजल्या." तांबड्या पेशीच्या आत बारीक अंगठी, खड्याच्या जागी जांभळा ठिपका, कधी एकाच अंगठीला दोन खडे, काही कडेला चिकटून बसलेल्या. फॅल्सिपेरमचं हे रूप एकदा पाहिलं की विसरत नाही. काचेवर ८ टक्के दिसतात म्हणजे शरीरात तेवढेच असतात असंही नाही. या परजीवीचं ४८ तासांचं चक्र असतं, आणि वयात आलेला परजीवी ज्या पेशीत असतो ती पेशी मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसते. बोटातून काढलेल्या रक्तात दिसतात ते फक्त कोवळे. निबर माल आत दडलेला.

मूत्रपिंडं थकल्याचं सांगणारं क्रिएटिनिन ३.४, काविळीचं बिलिरुबिन ६.२, साखर ५८. व्याख्येनेच हा गंभीर मलेरिया.

इथे सलाईनचा हिशेबही मांडायला हवा. डेंग्यू समजून दोन दिवसांत त्याला बऱ्यापैकी पाणी चढवलं गेलं होतं. गंभीर मलेरियाच्या मोठ्या माणसाला पाणी सढळ हाताने दिलं तर लघवी वाढत नाही, फुप्फुसं भरतात. त्याचा ऑक्सिजन ९० वर आला होता. म्हणजे चुकीचं निदान नुसता वेळ घालवत नाही, त्याचा उपचारही अंगावर येतो.

औषध होतं आर्टेसुनेट, शिरेतून. पूर्वी क्विनाइन द्यायचो, कानात घंटा वाजवणारं आणि साखर पाडणारं. २००५ मध्ये आशियातल्या आणि २०१० मध्ये आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की आर्टेसुनेटने मृत्यू कमी होतात, तेव्हापासून प्रश्न मिटला. वजनाच्या किलोला २.४ मिलिग्रॅम, तो ७२ किलोचा, म्हणजे १७३ मिलिग्रॅम. एका कुपीत ६०. सिस्टरने तीन कुप्या रांगेत ठेवल्या, प्रत्येकीत सोबतचं बायकार्बोनेट सोडलं, द्रावण नितळ होईपर्यंत हलवलं, मग त्यात ग्लुकोजचं पाणी मिसळलं. हे एकदा कालवलं की तासाभरात द्यावं लागतं, आधी करून ठेवता येत नाही. पहिला डोस पहाटे ३.४० ला. मग १२ तासांनी, २४ तासांनी, आणि नंतर रोज एक.

२४ तासांत शेकडा ८ चे दीड झाले. ४८ तासांनी शोधावे लागले. तिसऱ्या दिवशी काच स्वच्छ. मूत्रपिंडांना जास्त वेळ लागला, दोनदा डायलिसिस करावं लागलं. प्लेटलेट आम्ही एकदाही चढवल्या नाहीत, त्या आपोआप वर आल्या. नातेवाइकांना हे पटवणं डायलिसिसपेक्षा अवघड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको त्याची दाढीच्या सामानाची पिशवी घेऊन आली. त्यात ते पाकीट होतं, आठ गोळ्या शिल्लक. तोवर आम्हाला वाटत होतं औषध पूर्ण घेऊनही आजार उलटला, आणि ती काळजीची गोष्ट ठरली असती, कारण उत्तर युगांडात आर्टेमिसिनिनला, म्हणजे याच औषधांच्या घराण्याला, सावकाश दाद देणारे परजीवी सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. आठ गोळ्यांनी ती शंका बरीच हलकी केली. फसला होता तो कोर्स.

तोंडाने औषध घेण्याइतका झाल्यावर कुठलं द्यायचं यावर आमच्यात वाद झाला. महाराष्ट्रात फॅल्सिपेरमसाठी सरकारी पद्धतीने आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात. पूर्व आफ्रिकेतला परजीवी त्या जोडगोळीतल्या दुसऱ्या औषधाला कधीच जुमानेनासा झालाय. परजीवी कुठला आहे ते बघून औषध ठरवायचं, रुग्ण कुठला ते बघून नाही. मेफ्लोक्विनची जोडी मिळत होती, पण मेंदूवर परिणाम झालेल्या माणसाला, त्यातही त्या स्वप्नांच्या धन्याला, ते द्यायचं धाडस नव्हतं. शेवटी तेच आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन, पूर्ण सहा डोस, प्रत्येक डोसाला सिस्टर समोर उभी आणि हातात साईच्या दुधाचा पेला. जी-६-पीडी हे तांबड्या पेशींतलं विकर तपासून (ते कमी असेल तर हे औषध पेशी फोडतं) प्रायमाक्विनचा एक डोसही दिला. तो त्याच्यासाठी कमी आणि मिरजेतल्या डासांसाठी जास्त : त्यांना हा पाहुणा मिळू नये म्हणून.

अकराव्या दिवशी घरी सोडलं. बिलाच्या वेळी कळलं की कंपनीचा विमा युगांडात लागू आहे, तिथून विमानाने नैरोबीला हलवण्याचाही खर्च त्यात आहे, पण सुट्टीवर भारतात असताना नाही. कारखान्याच्या गेटवर पडला असता तर विमान आलं असतं. जाणाऱ्यांनी पॉलिसीतलं हे एक वाक्य वाचावं.

घरी सोडताना चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन करायला सांगितलं होतं. पहिल्याला १०.१. दुसऱ्या आठवड्यात तो आलाच नाही, बरं वाटत होतं म्हणून. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भाऊ घेऊन आला : लघवी कोऱ्या चहासारखी, जिना चढताना धाप. हिमोग्लोबिन ७.२. घरच्यांना वाटलं मलेरिया परत आला. काच स्वच्छ होती. आर्टेसुनेटने मेलेला परजीवी प्लीहा तांबड्या पेशींतून काढून टाकते आणि त्या पेशी परत रक्तात सोडते, पण त्यांचं आयुष्य घटलेलं असतं, आणि एक ते तीन आठवड्यांनी त्या एकदमच फुटतात. ज्यांच्यात परजीवी खूप होते त्यांना हे जास्त होतं, आणि ज्यांना लहानपणापासूनची प्रतिकारशक्ती नाही अशा प्रवाशांतच ते आधी ठळक दिसून आलं. दोन पिशव्या रक्त दिलं, पुढच्या पंधरवड्यात गाडी रुळावर आली.

त्याच रक्तात आणखी एक गोष्ट दिसली. जंतांच्या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, इओसिनोफिल, १४ टक्के. विचारलं, "तिकडे पोहायचास का?" हसला. रविवारी सगळे मिळून जिंजाला जायचे. नाईलच्या उगमाजवळ गांधीजींचा पुतळा आहे, १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता. नमस्कार करायचा आणि मग सरोवराच्या काठाला डुंबायचं. त्या काठच्या गोगलगायींतून निघणाऱ्या बिल्हार्झिया या जंतरोगाच्या अळ्या कातडीतून आत शिरतात, काही न दुखता. शौचात अंडी सापडली. प्राझिक्वान्टेलच्या पाच गोळ्या एका दिवसात दिल्या आणि ते मिटलं. आपल्या डॉक्टरांना हा रोग फक्त पुस्तकात वाटतो, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याच जातकुळीचा आजार १९५२ मध्ये नोंदला गेला होता.

तो परत जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घराचे हप्ते आहेत. या वेळी रोज एक डॉक्सिसायक्लिन ठरलं. आपल्या सूचनांत ते थोड्या मुक्कामापुरतं आहे, पण मेफ्लोक्विन बाद झाल्यावर आणि तिसरा पर्याय, ॲटोव्हॅक्वोन-प्रोग्वानिल, खिशाला न परवडल्यावर हाच मार्ग उरला, हे त्याला स्पष्ट सांगितलं. गोळी जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. रात्रपाळीवाल्याला हे सोपं, जेवून कामावरच जायचं असतं. उन्हाने कातडी भाजते, तेव्हा दुपारी टोपी. परत आल्यावरही चार आठवडे चालू. आणि वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य 'मी युगांडाहून आलोय' हे. एक गोष्ट त्याने विचारली नव्हती तरी सांगितली : परदेशात दगावणाऱ्या प्रवाशांत संसर्गाने जाणारे थोडे असतात, अपघाताने जास्त. जिंजात भाड्याच्या मोटरसायकलवर, बोडाबोडावर, हेल्मेटशिवाय बसायचं नाही.

बायकोचे प्रश्न वेगळे होते. ती मुलीला घेऊन डिसेंबरमध्ये जाणार होती, मुलगी चार वर्षांची. "मलेरियाची लस पुण्यात बनते ना? मग आपल्याला का नाही?" प्रश्न अगदी बरोबर. आर-२१ ही लस ऑक्सफर्डने शोधली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण ती शिफारस मलेरियाच्या प्रदेशात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. आठ वर्षांखालच्या मुलीला डॉक्सिसायक्लिनही देत नाहीत. मेफ्लोक्विन वजनाप्रमाणे देता येतं, तेही जाण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करून. मुलीला ते सोसलं नाही तर काय, हा तिचा पुढचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं.

तिने वहीत सगळं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात फोन आला, डिसेंबरचं रद्द केलंय, मुलगी थोडी मोठी होऊ दे म्हणून. तो एकटाच गेला. पिशवीत गोळ्यांचे तीन महिन्यांचे डबे, आणि तिने सांगलीत शिवून घेतलेले पूर्ण बाह्यांचे सहा सुती शर्ट, रात्रपाळीसाठी.